पोहरा रिकामा आला तरी

प्रार्थनेला बसलं की तिचे कान घड्याळाच्या टोल्यांकडे लागत. ठरवलेला तास एकदाचा कधी संपतो, असं तिला होऊन जाई. प्रार्थनेच्या खोलीत पाऊल टाकतानाच मन उदास व्हायचं. या तासापेक्षा एखादं कडक प्रायश्चित्त परवडलं, असं वाटायचं. हे सगळं तिने स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि ही अवस्था दोनचार दिवसांची नव्हती, काही वर्षं चालली होती. २७ सप्टेंबर १९७० रोजी पोप सहावे पॉल यांनी याच बाईला 'चर्चची आचार्य' म्हणून गौरवलं. कॅथलिक चर्चच्या इतिहासात हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. तिचा विषय होता प्रार्थना.

स्पेनमधल्या आविला शहराची ही संत तेरेसा. वैयक्तिक प्रार्थनेबद्दल ख्रिस्ती परंपरेत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण ज्याला प्रार्थना जमत नाही त्याच्या शेजारी बसून बोलावं, असं लिहिणारे थोडे. तेरेसा त्यांतली. म्हणून ही ओळख तिच्या वाटेने.

वैयक्तिक प्रार्थना म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. रविवारची उपासना किंवा मिस्सा सगळ्या मंडळीने मिळून करायची असते. वसईत, गोव्यात संध्याकाळी घरातली माणसं एकत्र बसून रोझरी म्हणतात. प्रॉटेस्टंट घरांत बायबलवाचन आणि कौटुंबिक उपासना होते. याखेरीज एक प्रार्थना उरते. खोलीत जावं, दार लावून घ्यावं आणि पित्याशी एकांतात बोलावं, असं येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं, ती. तिथे सोबतीला आवाज नसतो, ठरलेला क्रम नसतो, पाहणारं कोणी नसतं. नेमकी तिथेच बहुतेकांची गाडी अडते. शब्द पाठ असतात, ओठ हलतात आणि मन भलतीकडेच असतं. अशा वेळी माणूस स्वतःवर शिक्का मारून मोकळा होतो : आपला तो पिंड नाही.

तेरेसानेही एकदा तसंच ठरवलं होतं.

तिचा जन्म २८ मार्च १५१५चा. आजोबा तोलेदोचे व्यापारी, मूळचे ज्यू, पुढे ख्रिस्ती झालेले आणि तरीही धर्मन्यायालयाची शिक्षा भोगलेले. आई लवकर गेली. विसाव्या वर्षी, १५३५ साली तेरेसा आविलाच्या कार्मेल संघाच्या मठात दाखल झाली. पुढच्या दोनतीन वर्षांतच ती अंथरुणाला खिळली. उपचारासाठी नेत असताना वाटेत काकांनी तिच्या हाती एक पुस्तक ठेवलं : फ्रान्सिस्को दे ओसुना या साधूचं. मन आवरून आत वळवायचं, आत असलेल्या देवाकडे लक्ष लावायचं, हे ओसुनाने त्यात शिकवलं होतं. तेरेसाला तोवर या वाटेवर कोणी गुरू भेटला नव्हता. हे पुस्तकच तिचा गुरू झालं.

उपचारांनी मात्र दुखणं वाढवलं. १५३९च्या ऑगस्टमध्ये ती चार दिवस निपचित पडली होती. मठात तिच्यासाठी खड्डा खणून ठेवला होता. शुद्धीवर आली तेव्हा पापण्यांवर मेण होतं, कारण ती गेली असंच सगळ्यांनी धरलं होतं. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं तिला अंग नीट हलवता येत नव्हतं.

पण तिच्या प्रार्थनेवर खरं संकट आलं ते बरं झाल्यावर. मठात पाहुण्यांची वर्दळ असे. तेरेसा बोलकी, हसरी, माणसांना हवीहवीशी वाटणारी. गप्पांत दिवस जाऊ लागले आणि देवासमोर बसायची तिला लाज वाटू लागली. इतकं विस्कळीत आपलं जगणं, कोणत्या तोंडाने देवाशी सलगी करायची? चारचौघींसारखी पाठ प्रार्थना म्हणावी आणि गप्प राहावं, हीच नम्रता, असं तिने मनाशी धरलं. एकांतातली प्रार्थना थांबली. वर्षभराहून अधिक काळ थांबली.

या काळातला एक प्रसंग तिने सांगितला आहे. वडिलांना प्रार्थनेची गोडी तिनेच लावली होती, पुस्तकंही तिनेच दिली होती. ते मठात भेटायला येत आणि त्याच विषयावर बोलत. आपण स्वतः ती सोडून दिली आहे, हे लपवणं तिला जड जाऊ लागलं. शेवटी तिने सांगितलं. पण कारण पुढे केलं आजारपणाचं. वडील सरळ माणूस. लेकीच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला, उलट तिची कीव केली. प्रार्थनेत ते इतके पुढे गेले होते की नंतर तिच्याशी फार वेळ बोलत बसत नसत. भेट घेऊन लगेच उठत, उगाच वेळ जातो म्हणत. १५४३च्या अखेरीस ते वारले. त्यांच्या शेवटच्या दिवसांत सोबत असलेल्या डोमिनिकन धर्मगुरूजवळ तेरेसाने मन मोकळं केलं. प्रार्थना पुन्हा सुरू कर, काही झालं तरी ती सोडू नकोस, असं त्यांनी तिला सांगितलं.

ती पुन्हा बसू लागली, आणि मग मात्र तिने प्रार्थना कधीच सोडली नाही. नम्रतेच्या नावाखाली प्रार्थना टाकणं हा आयुष्यातला सगळ्यांत मोठा मोह होता, असा निर्वाळा तिने पुढे दिला. तिच्या सगळ्या शिकवणीत हा मुद्दा सगळ्यांत मोलाचा आहे. आधी सुधारू आणि मग प्रार्थना करू, असं म्हणणारी माणसं आजही घरोघर भेटतात. तेरेसाच्या मते हा क्रमच उलटा. आजारी माणसाने बरं झाल्यावर औषध घ्यायचं ठरवावं, तसलं हे.

घड्याळाकडे कान लागण्याची वर्षं ती हीच. या काळात पुस्तक हाताशी असल्याशिवाय तिला प्रार्थनेला बसायचं धाडस होत नसे. आधीची वर्षं धरून अशी अठरा वर्षं गेली, असं ती सांगते. दर वेळी ती वाचायचीच असं नाही. पुस्तक उघडलं की विखुरलेलं मन गोळा होई. कधी थोडंसं वाचून पुरे, कधी बरंच वाचावं लागे. कल्पनेने डोळ्यांपुढे चित्र उभं करणं तिला जमत नसे. शेतं, पाणी, फुलं पाहिली की मात्र मन देवाकडे वळे. आणखी एक गोष्ट तिने नोंदवली आहे : नको नको वाटत असताना स्वतःला रेटून बसलं, तर कधी कधी उत्साहाने बसलेल्या दिवसांपेक्षाही जास्त शांती मिळे.

वळण आलं ते १५५४च्या सुमारास, ती चाळिशीला टेकली होती तेव्हा. मठात एका सणासाठी जखमी ख्रिस्ताची मूर्ती आणून ठेवली होती. जाता जाता तिची नजर त्या मूर्तीवर पडली आणि ती तिथेच कोसळून रडली. त्याच सुमारास संत ऑगस्टीनचं आत्मकथन तिच्या हाती आलं. त्यानंतर तिच्या प्रार्थनेला जी खोली आली तिने ती स्वतःही चकित झाली. अशा प्रसंगांवर चरित्रकारांचा भर असतो, ते साहजिक आहे. पण त्या दिवसाआधीची रुक्ष वर्षं वगळून तो दिवस समजत नाही.

धर्मगुरूंच्या आज्ञेवरून तिने आत्मचरित्र लिहिलं. आज हाती असलेली प्रत १५६५ची. त्यात प्रार्थनेच्या वाढीसाठी तिने बागेचं रूपक योजलं आहे, आणि ते मराठी शेतकऱ्याला दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नाही. बाग देवाची, माळी आपण. जमीन नापीक, तण माजलेलं. तण उपटणं आणि रोपं लावणं हे मालक स्वतः करतो; माळ्याकडे काम पाणी घालण्याचं. पाणी चार तऱ्हांनी मिळतं. पहिली, विहिरीतून पोहऱ्याने शेंदून. कष्ट फार, पाणी थोडं. दुसरी, रहाटगाडग्याने, मेहनत कमी, पाणी जास्त. तिसरी, नदी-ओढ्याचा पाट बागेत वळवून. माळ्याने नुसती वाट करून द्यायची. चौथी, पाऊस. तिथे माळ्याचा हात लागतच नाही. आविलाच्या आसपासचं कास्तीलचं पठार कोरडं, आणि अरबांनी रुजवलेली रहाटगाडगी तिथे ठिकठिकाणी होती, तेव्हा हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरचं होतं.

शेंदणं म्हणजे आपल्या बाजूची धडपड : वेळ काढून बसणं, इंद्रियं आवरणं, ख्रिस्ताच्या जीवनातला एखादा प्रसंग घेऊन त्यावर मनन करणं. रहाटगाडग्याच्या पायरीवर मन आपोआप निवू लागतं. पाट आणि पाऊस या पुढच्या अवस्था; त्या देव देतो, मागून किंवा ओढून आणता येत नाहीत. हे वाचताना वाचकाची झेप थेट पावसावर जाते. उपयोगी प्रकरणं मात्र आधीची, अकरा ते तेरा ही. विहिरीत पोहरा पुन्हा पुन्हा सोडावा आणि दर वेळी तो रिकामा वर यावा, कधी तर विहीरच आटलेली असावी, अशा वेळी माळ्याने काय करायचं? तेरेसाचं उत्तर असं : विहिरीवर जाणं थांबवू नये. माळी स्वतःच्या समाधानासाठी राबत नाही, मालकासाठी राबतो, आणि मालक पाहतो आहे. पाण्याविना फुलं जगवायचं ठरवलं तर तो तसंही जगवू शकतो.

ही बाई कठोर नव्हती. कोरडेपणाचं कारण पुष्कळदा शरीरात असतं, असं ती बजावते. प्रकृती, हवापाणी यांचा मनावर परिणाम होतो. अशा दिवशी जिवाला पिळू नये, वेळ बदलावी, वाचन करावं, कोणाच्या उपयोगी पडावं, मोकळ्या रानात फिरून यावं. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मठवासी स्त्रीने हे लिहिलं, याचं आश्चर्य वाटतं.

त्या काळात हे लिहिणं धोक्याचंही होतं. एकांतातली मूक प्रार्थना पंडितांनी करावी, बायकांनी सूत कातत बसावं, असं बोललं जायचं. १५५९ साली स्पेनच्या मुख्य धर्मन्यायाधीशाने निषिद्ध पुस्तकांची यादी काढली आणि लोकभाषेतली कितीतरी भक्तिपर पुस्तकं एका फटक्यात बंद झाली. लॅटिन न येणाऱ्या स्त्रियांच्या हातून वाचायचं साधनच गेलं. तेरेसाला याचा मोठा चटका बसला. पुढे तिचं आत्मचरित्रही धर्मन्यायालयाने तपासणीसाठी ताब्यात घेतलं.

२४ ऑगस्ट १५६२ रोजी तिने आविलात सेंट जोसेफच्या नावाने छोटा मठ सुरू केला. तिथल्या भगिनींसाठी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास मूक प्रार्थना ठरवली, आणि त्यांच्यासाठीच 'परिपूर्णतेचा मार्ग' हे पुस्तक लिहिलं. त्यातला मोठा भाग प्रभूच्या प्रार्थनेच्या विवेचनाला दिला आहे. पाठ असलेली प्रार्थना खालच्या पायरीची, हा समज तिने खोडून काढला. तिच्या ओळखीची एक म्हातारी भगिनी होती. तिला मनन म्हणून काही जमतच नसे. प्रभूच्या प्रार्थनेच्या थोड्या ओळींवर तासन्‌तास रेंगाळायची, आणि आपल्याला प्रार्थना येत नाही म्हणून खंत करायची. तेरेसाने खोदून विचारलं तेव्हा कळलं, की ही बाई त्या चार ओळींच्या आधाराने अगदी गाढ प्रार्थनेत पोचली होती. कोणाशी बोलतो आहोत आणि काय बोलतो आहोत, एवढं भान ठेवून सावकाश म्हणणं, हीच पाठ प्रार्थनेची कळ. मराठी ख्रिस्ती वाचकाला हे घरच्या घरी करून पाहता येईल. स्तोत्रसंहिता आहे, 'उपासना संगीत'मधली रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आहेत. रविवारी चाल धरून गायलेलं भजन सोमवारी एकट्याने, चालीशिवाय, एकेक ओळ थांबून वाचलं तर वेगळंच बोलू लागतं.

याच पुस्तकात तिने फार सोपी वाट दाखवली आहे. मोठे विचार करू नका, नुसतं त्याच्याकडे पाहा. तो तुमच्याकडे पाहणं कधीच थांबवत नाही. मुंबईत १९३१ साली जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो यांना ही वाट फार आवडे. त्यांचं काही शिक्षण स्पेनमध्ये झालं. पुढे पुण्यात आणि मग लोणावळ्यात 'साधना' संस्थेतून त्यांनी धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना प्रार्थना शिकवली. १९७८ साली निघालेल्या त्यांच्या 'साधना' या पुस्तकात तेरेसाच्या या पद्धतीवर एक अभ्यास आहे : ख्रिस्त आपल्याकडे पाहतो आहे, आणि ते पाहणं प्रेमाचं आहे, नम्रतेचं आहे, एवढ्यावरच मन ठेवायचं. डिमेलोंना शिकवताना असं दिसलं होतं, की प्रेमाने पाहतो हे पुष्कळांना पटतं. नम्रतेने पाहतो, हे मात्र स्वीकारताना माणसं अडखळतात. डिमेलोंच्या काही मतांवर १९९८ साली व्हॅटिकनने अधिकृत आक्षेप नोंदवला, हेही वाचकाने ठाऊक ठेवावं. पण हा अभ्यास तेरेसाचा, आणि तो निर्विवाद ख्रिस्ती आहे.

कोरडेपणाचा मुद्दा इथेच सोडता येत नाही, कारण तो पुढच्या पायऱ्यांवरही पाठ सोडत नाही. फ्रान्समधली लिझ्यूची संत तेरेज ही तेरेसाच्याच कार्मेल संघाची. सकाळच्या प्रार्थनेत आपल्याला वर्षानुवर्षं झोप लागत आली, हे तिने मोकळेपणाने लिहिलं. झोपलेलं मूलही आईबापांना तेवढंच लाडकं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. कोलकात्याच्या मदर तेरेसांनी तिच्यावरूनच नाव घेतलं होतं. मदरची खासगी पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जग हादरलं : देव जवळ असल्याची जाणीव त्यांना कित्येक दशकं होत नव्हती. तरी त्यांचा प्रार्थनेचा तास चुकला नाही, आणि सकाळी रस्त्यावर उतरून मरणाऱ्यांना उचलणंही चुकलं नाही. काहींनी त्या पत्रांत श्रद्धेचा अभाव पाहिला. आविलाच्या तेरेसाची अकरा ते तेरा प्रकरणं वाचलेल्याला त्यांत आटलेल्या विहिरीवर आयुष्यभर जात राहिलेली माळीण दिसेल.

मग प्रार्थना खोल होते आहे हे ओळखायचं कशावरून? १५७७ साली, बासष्टाव्या वर्षी, डोकेदुखी आणि कानातला गोंगाट सोसत तेरेसाने 'अंतरीचा किल्ला' हा आपला मुख्य ग्रंथ सुमारे सहा महिन्यांत लिहून काढला. सात दालनं ओलांडत जीव देवाच्या भेटीला जातो, अशी त्याची मांडणी. दर्शनं आणि भावसमाधी यांच्याबद्दल ती बोलते. पण कसोटी वेगळीच लावते. प्रार्थनेतली गोडी जराही ढळू नये म्हणून आखडून बसलेल्या भगिनींना पाहून तिला वाईट वाटतं. आजारी बाई दिसली, तर ती गोडी सोडून उठा, तिला आराम द्या, तिचं दुखणं तुम्हाला दुखू द्या. देवाला हेच हवं आहे, असं ती सांगते. शेवटच्या, सातव्या दालनातही ती मागते ती कृती. तिने स्वतः बैलगाडीतून, उन्हापावसात फिरून सतरा मठ उभे केले. जमिनीचे व्यवहार, कर्जं, खटले, सगळं निस्तरलं.

आणि ज्याला बसायला तासच मिळत नाही, त्याचं काय? याचं उत्तर तिच्या संघातल्या एका स्वयंपाक्याने दिलं. लॉरेन प्रांतातला निकोला एर्मां हा सैनिक लढाईत जखमी होऊन लंगडा झाला आणि १६४०मध्ये पॅरिसच्या कार्मेल मठात सेवक म्हणून राहिला. तिथे त्याचं नाव ब्रदर लॉरेन्स. मनातून त्याला स्वयंपाकघराचा तिटकारा होता, आणि नेमकं तेच काम त्याच्या वाट्याला आलं. पुढे तो मठातल्या साधूंच्या चपला दुरुस्त करत असे. एकदा मठासाठी द्राक्षारस आणायला त्याला बर्गंडीला धाडलं. पाय असा, की होडीत पिंपांवरून घरंगळत पुढे सरकावं लागे. व्यवहाराची अक्कल आपल्याला नाही हे तो देवालाच सांगून मोकळा झाला, आणि काम पार पडलं.

त्याची रीत एवढीच : काम चालू असताना मधूनमधून देवाशी दोन शब्द बोलायचे, विसर पडला तर स्वतःला दोष देत न बसता पुन्हा वळायचं. तव्यावरचं अंड्याचं धिरडं उलटणंही तो देवाच्या प्रेमाखातर करी. हे वाटतं तितकं सहज साधलं नाही. पहिली दहा वर्षं त्याला मनातून फार त्रास झाला. १६९१ साली तो वारला. त्याची पत्रं आणि संभाषणं मागाहून प्रसिद्ध झाली. प्रॉटेस्टंटांनीही ती आपली मानली. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने आपल्या ग्रंथमालेत त्यांना जागा दिली.

आपल्या भूमीशी तेरेसाचं नातं जुनं आहे. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये ती संतपदाला पोचली, त्याच समारंभात गोव्याला पूज्य असलेले फ्रान्सिस झेवियरही. त्या आधीच तिच्या संघाचे साधू गोव्यात आले होते. पोर्तुगीजांच्या चाकरीतला एक फ्रेंच नाविक, पियेर बेर्तेलो, समुद्र सोडून गोव्यातच त्यांच्यात सामील झाला. १६३८ साली सुमात्रात तो श्रद्धेसाठी मारला गेला.

ज्यांना या वाटेने जायचं असेल त्यांनी 'अंतरीचा किल्ला' आधी उघडू नये. तेरेसाच्या आत्मचरित्राची आठ आणि अकरा ते तेरा ही प्रकरणं, आणि 'परिपूर्णतेचा मार्ग'मधलं सव्विसावं प्रकरण, एवढं सुरुवातीला पुरे आहे. वेळ थोडी ठरवा, पण ठरवलेली मोडू नका. एकदा देवाला दिलेला वेळ परत मागू नये, असं ती सांगते. वीस मिनिटं जमली तर वीस. हाताशी एक पुस्तक ठेवा, मन पळालं तर त्यातली एक ओळ वाचा. घड्याळाकडे लक्ष गेलं तर जाऊ द्या, तेरेसाचंही जात होतं. वेळ संपेपर्यंत उठू नका.